लाटेआधीचे पाणी : वऱ्हाडातील प्रौढ शिकाऊ आणि सर्फिंग

अकोला हे शहर अरबी समुद्राच्या किनाऱ्यापासून सरळ रेषेत चारशे किलोमीटरांहून अधिक, तर अमरावती सुमारे पाचशे किलोमीटर आत वसलेले आहे, आणि या दोन्ही जिल्ह्यांत पाण्याचा विचार पिढ्यानपिढ्या पिणे, ओलीत आणि टंचाई या तीन अंगांनीच होत आलेला आहे. अकोल्याला पाणी मिळते ते महान येथील काटेपूर्णा धरणातून आणि अमरावतीला सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणातून; उन्हाळ्यात या धरणांत किती टक्के साठा उरला, याची चर्चा दोन्ही शहरांत घरोघरी होते. पाण्यात उतरून खेळणे, पाण्याने अंग उचलून धरल्याचा अनुभव घेणे, या गोष्टींना त्या चर्चेत जागा नसते. अशा प्रदेशातला तिशी-चाळिशीतला माणूस सुट्टीत गोव्याला जातो, हरमल, मोरजी किंवा आगोंदच्या पुळणीवर मांडलेल्या लांब फळ्या पाहतो आणि आयुष्यात प्रथमच लाटेवर उभे राहण्याचा प्रयत्न करतो, तेव्हा त्याला नेमके काय शिकावे लागते आणि त्यातले किती वऱ्हाडातच शिकून घेता येते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या शिक्षणाचा सर्वांत अवघड भाग समुद्र दिसण्यापूर्वीच पार पडायला हवा. त्यासाठी लागणारा तोल वऱ्हाडाच्या व्यायामपरंपरेत आहे, परंतु पाण्याची ओळख मात्र या प्रदेशातून गेल्या काही दशकांत निसटत गेली आहे, असे येथे मांडायचे आहे.

सर्फिंग म्हणजे किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटेच्या उतरत्या अंगावरून फळीच्या साहाय्याने घसरत जाणे. ही लाट बहुधा दूरवर जन्मलेली असते. समुद्राच्या विस्तीर्ण पृष्ठावर वारा दीर्घकाळ वाहिला की त्याची ऊर्जा पाण्यात उतरते आणि वारा थांबला तरी ती लांबलचक, नियमित लाटांच्या रूपाने हजारो किलोमीटर प्रवास करते. अशा लाटांना इंग्रजीत ‘स्वेल’ म्हणतात आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येणाऱ्या स्वेलपैकी बराच भाग हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडील वादळी पट्ट्यात तयार झालेला असतो. या प्रवासात पाणी स्वतः पुढे जात नाही, त्याचा प्रत्येक कण जवळपास जागच्या जागी वर्तुळात फिरतो आणि पुढे जाते ती ऊर्जा. दोन शिखरांमध्ये १० सेकंदांचे अंतर असलेली लाट खोल समुद्रात ताशी ५६ किलोमीटरांच्या आसपास वेगाने धावते. पाणी उथळ होऊ लागले की तळाच्या अडथळ्यामुळे तिचा वेग घटतो, उंची वाढते आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली की तिचा माथा पुढे कोसळतो. म्हणजे एक मीटर उंचीची लाट साधारण छातीभर पाण्यात फुटते. फुटल्यानंतर किनाऱ्याकडे धावणारा पांढरा फेसाळ लोट हे नवशिक्याचे क्षेत्र आणि न फुटलेली, काचेसारखी उभी राहणारी लाट हे जाणत्याचे क्षेत्र, असा या विद्येचा ढोबळ विभाग पडतो.

ही विद्या पॉलिनेशियातील बेटांवर, विशेषतः हवाई बेटांवर, राजापासून सामान्य जनांपर्यंत सर्वांची होती; कॅप्टन कुकच्या शेवटच्या सफरीत, १७७९ मध्ये, त्याच्या एका अधिकाऱ्याने तिचे वर्णन लिहून ठेवले आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपीय रोगराईने हवाईची लोकसंख्या खालावली, मिशनऱ्यांची वक्रदृष्टी पडली आणि हा खेळ जवळपास लयाला गेला. त्याचे पुनरुज्जीवन विसाव्या शतकाच्या आरंभी हवाईतीलच वैकिकी येथे झाले आणि त्या पुनरुज्जीवनात मोठ्या वयात शिकलेल्या माणसांचा वाटा लक्षणीय होता, ही बाब मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे. अलेक्झांडर ह्यूम फोर्ड हा अमेरिकी लेखक चाळिशीला टेकल्यावर लाटेवर उभे राहायला शिकला, १९०७ मध्ये त्याने एकतीस वर्षांच्या जॅक लंडनला ते शिकवले आणि पुढच्याच वर्षी हवाईत या खेळासाठी क्लब स्थापन केला. लंडन पहिल्याच धडाक्यात उन्हाने इतका भाजला की त्याला अंथरूण धरावे लागले, तरी त्याने लिहिलेल्या वृत्तान्ताने हा खेळ अमेरिकेत घरोघरी पोहोचवला. मराठी वाचकांना रहस्यकथांमुळे परिचित असलेल्या अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांनीही १९२२ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, आधी दक्षिण आफ्रिकेत पालथे झोपून आणि नंतर वैकिकीला उभे राहून लाटेवर जाण्याचा सराव केला. प्रवाळाने पाय कापले म्हणून त्यांना मऊ चामड्याचे जोडे घ्यावे लागले, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. ड्यूक कहानामोकू हा हवाईचा जलतरणपटू, १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमधील १०० मीटर शर्यतीचा सुवर्णपदक विजेता, १९१४ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात गेला आणि सिडनीजवळ त्याने केलेल्या प्रात्यक्षिकांनी त्या देशात सर्फिंग रुजवले. त्याच १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. या दोन घटनांमध्ये कोणताही संबंध नाही; तरी आपल्या मातीतले खेळ जगापुढे मांडण्याची जी ओढ हवाईच्या त्या पोहणाऱ्यात होती तीच अमरावतीच्या या मंडळातही होती, कारण १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली होती.

प्रौढाने सर्फिंग शिकावे की नाही, याविषयी जाणकारांचे मत फारसे उत्साहवर्धक नाही. विल्यम फिनेगन या अमेरिकी पत्रकाराचे सर्फिंगविषयक आत्मकथन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यात त्याने असे निरीक्षण मांडले आहे की चौदा वर्षांनंतर सुरुवात करणाऱ्याला या विद्येत प्रावीण्य मिळण्याची शक्यता जवळपास नसते. प्रावीण्य या शब्दाने त्याला जे अभिप्रेत आहे, म्हणजे मोठ्या, धोकादायक लाटा वाचून त्यांवर सहज संचार करणे, ते लक्षात घेतले तर हे निरीक्षण खोटे म्हणता येत नाही. परंतु त्यावरून प्रौढाने पाण्यात उतरूच नये असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण शिकण्याचे मोल केवळ प्रावीण्यावरून ठरत नाही आणि कमरेइतक्या पाण्यात फेसाळ लाटेवर काही क्षण उभे राहणे हे निरोगी प्रौढाच्या आवाक्यातले ध्येय आहे.

प्रौढाला अडचण येते ती कुठे, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. निकोलाय बर्नस्टाइन या सोव्हिएत शरीरक्रियाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे दाखवले की नवी हालचाल शिकताना माणूस प्रथम आपले सांधे आखडून धरतो, कारण एकाच वेळी अनेक सांध्यांवर ताबा ठेवणे मेंदूला जड जाते. सराव वाढला की हे आखडलेले सांधे एकेक करून मोकळे होतात. फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये हाच प्रवास तीन अवस्थांत मांडला: पहिल्या अवस्थेत प्रत्येक क्रिया मनात शब्दांनी उच्चारून करावी लागते, दुसरीत चुका कमी होत जातात आणि तिसरीत क्रिया विचाराविना घडते. मूल पहिली अवस्था खेळता खेळता ओलांडते. प्रौढ तेथे रेंगाळतो, कारण त्याला आधी समजून घ्यायचे असते आणि त्यातच पडण्याची लाज व भीती यांची भर पडते. पाण्याची भीती असलेल्या माणसात तर सांधे आखडण्याची ही प्रवृत्ती आणखी बळावते आणि आखडलेल्या गुडघ्यांनी फळीवर उभे राहता येत नाही.

तोलाच्या बाबतीत मात्र वऱ्हाडी माणूस रिकाम्या हाताने जात नाही. अमरावतीच्या मंडळाने शतकाहून अधिक काळ मल्लखांब, कुस्ती, लेझीम, योगासने आणि शारीरिक शिक्षण यांची परंपरा जोपासली आणि तेथे तयार झालेले शिक्षक महाराष्ट्रभरच्या शाळांत गेले; गावोगावच्या आखाड्यांतही शरीराचा मध्य सांभाळणे, पकड आणि पडण्याची तयारी हे शिक्षण मिळत आले. शेतीकामातही अशी एक स्थिती येते: जमीन कठीण असली की शेतकरी वखरावर उभा राहतो, गुडघे किंचित वाकवतो आणि बैलांच्या ओढीने पायाखालचे लाकूड हलत असताना अंगाचे वजन पुढे-मागे करून पास रुतवतो. लाटेवरच्या फळीवर पायांनी करायचे काम याच जातीचे असते. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की वखरावर हाताशी रुमणे असते, फळीवर धरायला काहीच नसते.

उणीव आहे ती पाण्याची, आणि ती नेहमीच होती असेही नाही. वऱ्हाडातील गावांत पोहणे शिकले जाई ते विहिरीत आणि नदीच्या डोहात. पाठीला पत्र्याचा रिकामा बंद डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून, कमरेला दोर लावून मुलाला विहिरीत सोडायचे, दोराचे टोक वर थोरल्याच्या हाती आणि काही दिवसांनी आधी दोर, मग डबा काढून टाकायचा, ही पद्धत महाराष्ट्रभर होती तशी येथेही होती. पण या शिक्षणाची वाटणी वऱ्हाडात मुळातच असमान होती. सातपुड्याच्या पायथ्याशी, वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर या संत्र्याच्या पट्ट्यात ओलिताच्या विहिरी मुबलक होत्या. याउलट पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जेथील भूजलात क्षारांचे प्रमाण इतके असते की ते पिण्याला आणि ओलिताला निरुपयोगी ठरते अशा सुमारे ९०० गावांच्या पट्ट्यात, विहीर खोदण्याला फारसा अर्थच नव्हता. तेथील मुलांना पोहण्यासाठी पावसाळ्यानंतरचे नाले, तळी आणि पूर्णेचे डोह एवढाच आधार होता.

पुढे संत्र्याच्या पट्ट्यातही चित्र पालटले. भूजलाचा उपसा वाढत गेला, पातळी खोल गेली, विहिरींच्या जागी शेकडो फूट खोल विंधनविहिरी आल्या आणि विंधनविहिरीत कोणी पोहू शकत नाही. ज्या विहिरींत पाणी राहिले त्यांवर पंप बसले, काहींना जाळ्या बसल्या, आणि शिक्षण, नोकरी यांसाठी कुटुंबे शहरात आली तेव्हा दोर धरणारा थोरलाही मागे राहिला. परिणामी आज चाळिशीत असलेल्या अनेकांचे वडील पोहणारे आहेत आणि ते स्वतः पोहू शकत नाहीत. ही हानी व्यायामापुरती मोजून चालणार नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये वरुड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण बुडाले. देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. संयुक्त राष्ट्रसंघाने त्याच २०२१ साली २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या प्रतिबंधासाठी जगभर पाळावा असे ठरवले. पोहणे हे पुरात आणि नावेत नेहमीच वाचवते असे नाही, तरी पाण्यात पडल्यावर पहिले काही क्षण न घाबरता श्वास राखता येणे यावर पुष्कळदा जीव अवलंबून असतो, आणि नेमके हेच कौशल्य सर्फिंगचीही पहिली पायरी आहे.

ही पायरी आता शहरांतील जलतरण तलावांत गाठावी लागते. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा तलावांवर गर्दी होते, महिलांसाठी स्वतंत्र वेळा ठेवल्या जातात आणि प्रौढांच्या बॅचमध्ये पहिला आठवडा बहुधा काठ धरून तोंड पाण्यात घालण्यातच जातो. घाबरलेला प्रौढ डोके पाण्याबाहेर ताठ ठेवतो. डोके वर गेले की पाय खाली जातात, पाय खाली गेले की तो आणखी हातपाय मारतो आणि दमतो. मानवी शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ असते: छाती हवेने भरली की शरीर किंचित हलके, रिकामी झाली की किंचित जड. त्यामुळे तरंगणे हे जोराचे काम नसून श्वासाचे आहे आणि पाण्यात सावकाश श्वास सोडून वर येऊन घेता येणे हे हात-पायांच्या कोणत्याही पद्धतीपेक्षा आधी यायला हवे. उताणे तरंगत दहा मिनिटे राहता येणे, न थांबता दोनशे मीटर कोणत्याही पद्धतीने कापता येणे आणि खोल पाण्यात अनपेक्षित ढकलले गेल्यावर स्वतःहून वर येऊन काठ गाठता येणे, एवढी तयारी झालेल्या माणसाने समुद्राकडे जावे. समुद्राचे पाणी क्षारांमुळे गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी अधिक घन असते, म्हणून गोड्या पाण्यात तरंगायला शिकलेल्याला तेथे अंग सहज वर राहिल्याचे जाणवते.

समुद्राकडे केव्हा जावे, हे वऱ्हाडाच्या कामकाजाच्या दिनदर्शिकेशी ताडून पाहावे लागते. जून ते सप्टेंबर गोव्याचा समुद्र खवळलेला असतो आणि जीवरक्षक पाण्यात उतरण्यास मनाई करतात. पाऊस सरल्यावर, साधारण ऑक्टोबरअखेरपासून मार्चपर्यंत, लाटा लहान आणि शिकाऊ माणसाला मानवणाऱ्या असतात; काही दिवस तर त्या नसतातच. दिवाळीच्या सुट्टीत नोकरदार जाऊ शकतो, परंतु शेतकरी कुटुंबात तेव्हा सोयाबीनचा हिशोब आणि कापसाची वेचणी चालू असते, त्यांना तूर घरात आल्यानंतरचा काळ बरा. नागपूर–मडगाव ही विशेष गाडी ज्या काळात बडनेरा आणि अकोल्यावरून कोकण रेल्वेमार्गे चालवली जाते, त्या काळात हा प्रवास जवळपास एका दिवसावर येतो. दिवसातली वेळ सकाळची निवडावी, कारण दुपारनंतर जमीन तापली की समुद्राकडून वारा सुटतो आणि लाटांचे रूप विस्कटते.

पुळणीवरचा पहिला तास कोरडा असतो. शिकाऊ माणसाला आठ-नऊ फूट लांब, रुंद, वरून मऊ फोमची फळी देतात, कारण लांब फळी संथ पण स्थिर असते आणि आदळली तरी इजा कमी होते. फळीच्या मागच्या टोकाला बांधलेली लवचीक दोरी, जिला ‘लीश’ म्हणतात, ती घोट्याला बांधायची. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याची ठेवण ‘रेग्युलर’ आणि उजवा पुढे ठेवणाऱ्याची ‘गूफी’ म्हटली जाते. वाळूवर फळीवर पालथे झोपून छाती उचलणे, हात बरगड्यांशी टेकवणे आणि एका झटक्यात दोन्ही पाय अंगाखाली आणून आडवे उभे राहणे, या क्रियेला ‘पॉप-अप’ म्हणतात; भुजंगासन आणि जोर ज्याच्या अंगवळणी पडलेले आहेत त्याला ती लवकर साधते. मग कमरभर पाण्यात फळी किनाऱ्याकडे तोंड करून धरायची, फेसाळ लोट जवळ आला की झोपायचे, प्रशिक्षक ढकलतो, आणि उभे राहताना नजर किनाऱ्यावरच्या एखाद्या झाडावर ठेवायची. नजर पायांकडे गेली की डोके खाली जाते, वजन पुढे सरकते आणि फळीचे नाक पाण्यात खुपसते. पडावे ते आडवे आणि सपाट, कधीही डोक्यावर नाही, आणि वर येताना हातांनी डोके झाकावे. फळी आपल्या आणि लाटेच्या मध्ये कधीही येऊ देऊ नये. येथे ज्याने तलावात पडून श्वास राखण्याचा सराव केलेला आहे तो हसत वर येतो आणि पुन्हा फळीकडे जातो. ज्याने केलेला नाही तो दुसऱ्या-तिसऱ्या पडण्यानंतर पाण्याबाहेर उभा राहतो. शिकण्याची संधी प्रत्येक पडण्यानंतरच्या पुनःप्रयत्नात असल्यामुळे हा भेद निर्णायक ठरतो.

पाण्यात शिकायच्या गोष्टींपैकी एक जिवाशी निगडित आहे. फुटलेल्या लाटांनी किनाऱ्याशी साचलेले पाणी वाळूच्या दांड्यातील खाचेतून अरुंद प्रवाहाने परत समुद्राकडे ओढले जाते. या ‘रिप करंट’चा वेग कधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत, म्हणजे ऑलिंपिक जलतरणपटूच्या शर्यतीतल्या वेगाइतका, जाऊ शकतो. दगा असा की त्या खाचेवर लाटा फुटत नाहीत, म्हणून तेथील पाणी सर्वांत शांत दिसते आणि समुद्राशी अपरिचित माणूस नेमका तेथेच उतरतो. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजू नये. तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी, आणि शक्य असल्यास किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावे. वर्षानुवर्षे समुद्र न पाहिलेल्या प्रदेशातून सहलीला येणाऱ्यांना ही एक गोष्ट सहलीच्या बसमध्येच सांगितली गेली पाहिजे.

सर्फिंगविषयीची छायाचित्रे शिकाऊ माणसाची एका बाबतीत दिशाभूल करतात. स्पर्धकांच्या वेळेचे मोजमाप करणाऱ्या अभ्यासांत असे आढळले की पाण्यातील एकूण वेळेपैकी सुमारे निम्मा वेळ हातांनी फळी वल्हवण्यात आणि बराचसा उरलेला लाटेची वाट पाहण्यात जातो. प्रत्यक्ष लाटेवर जातात ते शंभरातील चार-पाच भागच. म्हणजे हा खेळ खांद्यांचा आणि धीराचा आहे, आणि या दोन्हींची तयारी समुद्राविना होऊ शकते.

भारतात या खेळाचा संघटित इतिहास अल्प आहे. २००४ च्या सुमारास कर्नाटकातील मुल्की येथे जॅक हेब्नर या अमेरिकी संन्याशाच्या आश्रमातून मंत्रा सर्फ क्लब उभा राहिला, २०११ मध्ये सर्फिंग फेडरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली, आणि चेन्नईजवळच्या कोवलम येथे मूर्ती मेगवन या कोळीवाड्यातील तरुणाने गावच्या मुलांना या विद्येत आणले. मुंबईत वाढलेल्या इशिता मालवीय यांनी मणिपालला शिकत असताना, म्हणजे फिनेगनने घातलेली वयाची मर्यादा ओलांडल्यावर, फळी हाती घेतली आणि उडुपीजवळच्या कोडी बेंगरे येथे एका सर्फ क्लबची सहस्थापना केली. देशातील पहिल्या व्यावसायिक महिला सर्फर म्हणून त्या ओळखल्या जातात.

अमरावती आणि अकोल्यातील तलावांवर या संदर्भात जे करता येण्यासारखे आहे ते खर्चाचे नाही. उन्हाळी वर्ग मुलांच्या बॅचभोवती आखले जातात आणि प्रौढांना सकाळ-संध्याकाळची उरलेली वेळ मिळते. त्याऐवजी चाळिशीपुढील पुरुष आणि स्त्रिया यांच्यासाठी पाण्याशी ओळख हाच विषय असलेला, पद्धती आणि वेग यांना दुय्यम ठेवणारा स्वतंत्र वर्ग चालवता येईल, विशेषतः खारपाणपट्ट्यातून शहरात आलेल्या कुटुंबांसाठी, ज्यांना विहिरीचाही वारसा नव्हता. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणाऱ्या संस्था या शहरांत आहेत, म्हणून जीवरक्षणाचे शिक्षण त्यांच्या अभ्यासक्रमात ठळक करणे त्यांच्या हातात आहे. तलावात मऊ फळी आणून पालथे झोपणे, वल्हवणे, मुद्दाम पडणे आणि फळीवर पुन्हा चढणे यांचा सराव घेता येतो. त्यासाठी दोन-चार फळ्या पुरतात, कारण एका वेळी काहीच जण फळीवर असतात आणि बाकीचे काठ धरून पाण्यात श्वास सोडण्याचा सराव करीत राहू शकतात.